ब्रेक डिस्कवरच्या खाचा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की ब्रेकविषयीची पत्रे वाढतात. या वेळी बहुतेकांनी एकच विषय धरला आहे. गॅरेजमध्ये ज्यांना ग्रूव्ह डिस्क किंवा स्लॉटेड डिस्क म्हणतात, त्या खाचांच्या डिस्क आपल्या गाडीला बसवाव्यात का, आणि बसवायच्या तर कशा? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न: माझी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन सिंहगडावर जातो. उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेक नीट पकडत नाही आणि जळका वास येतो. खाचांच्या डिस्क लावल्या तर हा त्रास जाईल का? – एक वाचक, कोथरूड

थोडा कमी होईल, पण जाणार नाही. पायथ्यापासून गडावरच्या वाहनतळापर्यंतची चढण उभ्या मापात साधारण ६०० मीटर आहे. चार माणसांसह गाडीचे वजन १४०० किलो धरले, तर उतरताना सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ताशी ८० किमी वेगावरून थांबवायला साडेतीन लाख ज्यूलच्या आसपास लागतात. गड उतरताना सगळा भार ब्रेकवर टाकणे म्हणजे ८० च्या वेगावरून जवळजवळ २४ वेळा गाडी थांबवणे, तेही मध्ये गार व्हायला उसंत न देता. पुढच्या दोन डिस्क प्रत्येकी ५ किलोच्या धरल्या, तर असे एकदा थांबताना त्या सुमारे ५० अंशांनी तापतात. पुढचे गणित तुम्हीच करा.

ही उष्णता साठवून धरते ते डिस्कचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड. खाचा पाडल्याने बीड वाढत नाही, उलट दहा-पंधरा ग्रॅम कमीच होते. मग खाचांचा उपयोग काय? पॅड फार तापले की त्यातली राळ जळू लागते आणि तिचा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये अडकतो. खाच त्याला वाट करून देते. तापून काचेसारखा गुळगुळीत झालेला पॅडचा पृष्ठभाग ती खरवडत राहते, पॅडची भुकटी आणि पावसाचे पाणीही बाजूला काढते. एवढीच तिची कामे, आणि ती ती चोख करते. पण ओल शोषल्यामुळे लवकर उकळणाऱ्या ब्रेक ऑइलवर किंवा जाम झालेल्या कॅलिपरवर (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) खाचांचा काहीही उपाय चालत नाही.

म्हणून आधी पायाला काय जाणवते ते ओळखा. पेडल मऊ पडून खाली जात असेल, तर ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. पेडल टणक आहे, पाय जोर लावतो आहे, तरी गाडी रेटत पुढे जाते आहे, तर पॅडने हात टेकले आहेत. पहिल्या प्रकारात ब्रेक ऑइल बदला. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल हवेतली ओल शोषते, त्यामुळे गाडी कमी चालली असली तरी दर दोन वर्षांनी ते बदलायचे. दुसऱ्या प्रकारात चांगल्या प्रतीचे पॅड आधी लावा आणि कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का ते तपासा. एकाच चाकाकडून वास येत असेल तर पिन किंवा पिस्टन अडकलेला असण्याची शक्यता फार मोठी.

आणि गड दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, अवघड वळणावर पहिल्या. गाडी न्यूट्रल करून उतरू नका. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन बंदच होते, त्यामुळे न्यूट्रलने पेट्रोल वाचत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या अवजड गाड्यांनी किती अपघात घडवले, ते पुणेकरांना वेगळे सांगायला नको. हे सगळे केल्यावरही त्रास उरला, तर खाचांच्या डिस्कवर खर्च करण्यात अर्थ आहे.

प्रश्न: भोसरीत माझ्या ओळखीचे मशीन शॉप आहे. गाडीच्या मूळ डिस्कवरच मिलिंगने खाचा पाडून घेतल्या तर स्वस्तात काम होईल. करावे का? – एक वाचक, पिंपरी

करू नका. मशीन कितीही अचूक असले तरी अडचण डिस्कच्या रचनेत आहे. हवेशीर, म्हणजे मध्ये पोकळी असलेल्या २२ मिमी जाडीच्या डिस्कची एकेक भिंत साधारण ७ मिमी असते आणि झिजून किमान जाडीला आली की ६ मिमी उरते. तिच्यात दीड मिमी खोल खाच पाडली की त्या रेषेवर भिंतीचा पाव भाग गेला. खाचांसाठी बनवलेल्या डिस्कमध्ये खाचेचा तळ गोल असतो, कडा किंचित मोडलेल्या असतात आणि आतल्या पोकळीतले पंखे, म्हणजे दोन भिंतींना जोडणाऱ्या पट्ट्या, कुठे आहेत हे पाहून खाचेची जागा ठरवलेली असते. साध्या एंड मिलने पाडलेल्या खाचेचा तळ चौकोनी निघतो. तापणे आणि गार होणे वारंवार घडले की त्या कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. बीड ठिसूळ असते, ते वाकून इशारा देत नाही.

शिवाय तापलेली डिस्क ब्रेक लावताना फुटली तर काय, या प्रश्नाला मशीन शॉपच्या बिलात उत्तर नसते. दोन डिस्कचे पैसे वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये, हे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न: नाना पेठेत चौकशी केली तर एकाच गाडीसाठी तीन-चार दरांच्या खाचांच्या डिस्क दाखवल्या. निवड कशी करावी? छिद्रांच्या डिस्क जास्त चांगल्या का? – एक वाचक, धायरी

डिस्क हातात घ्या आणि टोपीच्या, म्हणजे मधल्या उंच भागाच्या, कडेवर काय कोरले आहे ते वाचा. किमान जाडीचा आकडा, पार्ट नंबर आणि उत्पादनाचा बॅच नंबर, या तीन गोष्टी हव्यात. किमान जाडी लिहिलेली नसेल तर ती डिस्क ठेवून द्या. मूळ डिस्कचा बाहेरचा व्यास, एकूण उंची, मधल्या भोकाचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून नेलीत तर दुकानदाराच्या अंदाजावर विसंबावे लागणार नाही. मधले भोक हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसते त्या फिरत्या भागावर) घट्ट पण हाताने बसले पाहिजे. अर्धा मिमी जरी सैल असेल तरी डिस्क मध्यावर बसत नाही.

खाचेच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकेल इतका धारदार कंगोरा असेल तर तो पॅड खाईल. मधल्या पोकळीतून आरपार पाहा, पंख्यांवर बीडाचे गोळे राहिलेले नसावेत. पक्के बिल घ्या.

छिद्रांविषयी: घाटात वापरायच्या गाडीला छिद्रे नकोत. प्रत्येक छिद्राच्या कडेला उष्णतेचा ताण गोळा होतो आणि तिथून बारीक तडे निघतात. दिसायला छान असतात, हे खरे. डिस्क नेहमी जोडीने बदला, डावी-उजवी दोन्ही, आणि त्यांच्यासोबत पॅड नवेच घ्या. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या चऱ्यांचा ठसा असतो. नव्या डिस्कला ते पूर्ण टेकत नाहीत.

प्रश्न: मला गाडीची बरीच कामे घरी करायची सवय आहे. पुढच्या दोन खाचांच्या डिस्क स्वतः बसवायच्या आहेत. टप्प्याटप्प्याने सविस्तर सांगाल का? – एक वाचक, सहकारनगर

हत्यारांपासून सुरुवात करू. जॅक, दोन ॲक्सल स्टँड, चाकामागे लावायला लाकडी ओट, सॉकेट सेट (बहुतेक गाड्यांत १२, १४ आणि १७ चे सॉकेट लागतात), टॉर्क पाना, मोठा सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर, स्टीलची फूटपट्टी आणि चुंबकी स्टँडसह डायल गेज. डायल गेज नसेल तर भाड्याने किंवा उसने आणा, पण ते टाळू नका. का, ते पुढे येईलच. सामानात ब्रेक क्लीनरचा ५०० मिलिचा एक कॅन, पॅडच्या नव्या क्लिपा आणि कॅलिपर पिनांसाठीचे सिलिकॉन ग्रीस. ग्रीस पाच-दहा ग्रॅम पुरते. पहिल्यांदा करणाऱ्याने चार तास हाताशी ठेवावेत.

जागा सपाट आणि पक्की हवी. सोसायटीच्या पार्किंगमधला उतार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जमिनीवर गोल पेन ठेवून पाहा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ओट लावा, पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा आणि मग गाडी उचला. गाडी स्टँडवर विसावली पाहिजे. जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली हात घालू नये. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे क्लिप कशी होती हे विसरलात तर दुसरी बाजू बघता येते.

स्टिअरिंग त्या बाजूला पूर्ण वळवा, कॅलिपरच्या मागचे बोल्ट समोर येतात. पिनांचे दोन बोल्ट काढून कॅलिपर उचला आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. तो रबरी होजवर लोंबकळत ठेवला की होज आतून फाटते, बाहेरून काही दिसत नाही. पॅड काढा, मग कॅलिपरचा ब्रॅकेट धरणारे दोन मोठे बोल्ट काढा.

आता जुनी डिस्क. काही गाड्यांत तिला एक-दोन लहान स्क्रू असतात. ते गंजून बसलेले असतात आणि साध्या स्क्रूड्रायव्हरने डोके खराब होते, इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. डिस्कच्या टोपीवर आटे असलेली दोन भोके दिसली, तर त्यांत ८ मिमीचे दोन बोल्ट घालून आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा, डिस्क आपोआप सुटून पुढे येते. हातोडीचे घाव घालू नका. तो मार थेट चाकाच्या बेअरिंगवर जातो.

इथून पुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो तोही हाच. हबचा चेहरा, म्हणजे जिथे डिस्क टेकते ती सपाट जागा, चकचकीत होईपर्यंत साफ करायची. पुण्याच्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर तिथे गंजाचे पापुद्रे साचलेले असतात, विशेषतः स्टडच्या, म्हणजे व्हील नट ज्यावर बसतात त्या बोल्टच्या, बुडाशी. तारेच्या ब्रशने मोठा गंज काढा, पॉलिश पेपरने उरलेला. स्टडभोवती पेपर गुंडाळी करून फिरवावा लागतो. मग फूटपट्टी उभी धरून चारी दिशांनी लावा आणि मागून टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड दिसायला नको.

एवढा आग्रह कशासाठी? हबचा चेहरा १४० मिमी व्यासाचा धरा आणि त्याच्या एका कडेला ०.०५ मिमी जाडीचा गंज राहिला आहे असे समजा, म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्या जाडीचा. डिस्कच्या २४० मिमी व्यासावर तोच फरक ०.०८५ मिमी होतो. डिस्क फिरताना तेवढी डुलते. बहुतेक गाड्यांना परवानगी असते ०.०५ ते ०.१० मिमीची. म्हणजे न दिसणाऱ्या पापुद्र्याने सगळी सूट खाऊन टाकली.

नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असते. ब्रेक क्लीनर आणि पांढऱ्या फडक्याने पुसा, फडके पांढरे राहीपर्यंत. आतल्या पोकळीतही क्लीनर मारा, नाहीतर डिस्क तापल्यावर तिथले तेल पातळ होऊन बाहेर फेकले जाते आणि नवे पॅड पहिल्याच दिवशी बाद होतात. खाचांमध्ये तेल धरून राहते, तिथे नायलॉनचा ब्रश चालवा. राखाडी किंवा काळा लेप असलेली डिस्क असेल तर तो लेप घासून काढायचा नाही. पॅड टेकतात तिथला लेप पहिल्या काही ब्रेकमध्ये आपणहून जातो आणि बाकीचा गंजापासून राखतो.

डिस्क हबवर ठेवा आणि सगळे व्हील नट सपाट वॉशर घालून हलक्या हाताने, सारख्या जोराने आवळा. डायल गेजचे टोक बाहेरच्या कडेपासून १० ते १५ मिमी आत टेकवा आणि डिस्क हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा. खाच टोकाखाली आली की काटा झटकन पडतो आणि परत येतो. ती उडी मोजायची नाही, मधल्या सपाट भागांवरचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा घ्यायचा. फरक ०.०५ च्या आत असेल तर उत्तम. जास्त आला तर डिस्क काढून एक स्टड पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. बऱ्याचदा हबचा आणि डिस्कचा दोष एकमेकांना छेद देतो आणि आकडा निम्म्यावर येतो. तरीही न सुधारल्यास डिस्कशिवाय नुसता हब मोजा, तोच वाकडा असू शकतो.

ब्रॅकेटवर पॅड ज्या खोबणीत सरकतात तिथला गंज खरवडून नव्या क्लिपा लावा. पॅड बोटाच्या जोराने सरकला पाहिजे, ठोकावा लागत असेल तर खोबणी पुन्हा साफ करा. पिना बाहेर ओढून पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. भोकात ग्रीस कोंबले तर हवा अडकून पिन पूर्ण आत जात नाही. साधे बेअरिंग ग्रीस वापरले तर रबर फुगते आणि पिन जाम होते. एका पिनेवर रबरी नळी असेल तर ती होती त्याच भोकात परत जायला हवी, वरची खाली करू नका.

पिस्टन मागे दाबण्यापूर्वी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडे काढा, नाहीतर पिस्टन मागे जाताना ते ओसंडून रंगावर पडते आणि रंग उचलते. पडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पिस्टनवर जुना पॅड आडवा ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. रबरी बूट फाटलेला दिसला तर तो आत्ताच बदला. मागच्या चाकांना डिस्क असलेल्या गाड्यांचा मामला वेगळा आहे. तिथला पिस्टन पुष्कळदा फिरवून आत घालावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोड लावल्याशिवाय हात लावू नये.

आवळण्याचे ढोबळ आकडे असे: ब्रॅकेटचे बोल्ट ८० ते ११० न्यूटन-मीटर, पिनांचे २५ ते ३५, १२ मिमीचे व्हील नट १०० ते १२०. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच अंतिम. व्हील नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळा. स्टडच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, टॉर्क पान्याचा आकडा खोटा ठरतो आणि स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

गाडी खाली घेतली की चावी फिरवण्याआधी ब्रेक पेडल दाबत राहा. पहिल्या काही दाबांत ते थेट जमिनीला टेकेल, कारण पिस्टन मागे आहे. पेडल टणक झाल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. नंतर ऑइलची पातळी बघा. नटांचा टॉर्क ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा तपासा.

प्रश्न: मेकॅनिकने बसवलेल्या डिस्कच्या खाचा एका बाजूला पुढे झुकलेल्या आणि दुसऱ्या बाजूला मागे झुकलेल्या दिसतात. उलटी बसली का? – एक वाचक, हडपसर

गाडीच्या बाहेर उभे राहून दोन्ही बाजू बघितल्या, तर त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दिसायला हव्यात. तुमच्या वर्णनावरून दोन्ही डिस्क एकाच बाजूच्या आहेत. खोक्यावर किंवा डिस्कवर डावी-उजवीची खूण अथवा बाण असेल तर तो उत्पादकाचा शब्द, तो पाळावा. खाचांचा कल कुठे असावा याबद्दल उत्पादकांत एकमत नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीची डिस्क बघून आपली ताडू नका. खाच उलटी असली तर आवाज आणि पॅडची झीज थोडी बदलते, ब्रेक जात नाही.

खरे लक्ष द्यायचे ते आतल्या पंख्यांकडे. कडेने आत डोकावून बघा. पंखे सरळ, केंद्रातून बाहेर जाणारे असतील तर डिस्क कोणत्याही बाजूला चालते. पंखे वक्र असतील तर गाडी पुढे जाताना त्यांची बाहेरची टोके फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेली हवीत, तरच ते मधली गरम हवा बाहेर फेकतात. वक्र पंख्यांची डिस्क उलट बाजूला असेल तर ती अदलाबदल करून घ्या, कारण उलट बसलेली बाजू घाटात जास्त तापेल. दोन्ही एकाच बाजूच्या निघाल्या तर दुकानदाराकडून एक बदलून आणा.

प्रश्न: खाचांच्या डिस्क लावल्यापासून ब्रेक दाबला की घूंऽऽ असा आवाज येतो. शिवाय काही हजार किमीनंतर ८० च्या वेगावर स्टिअरिंग थरथरू लागले. गॅरेजवाले म्हणतात डिस्क वाकडी निघाली, लेथवर फेस करू, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करू. – एक वाचक, वाकड

तुमच्या गाडीत दोन वेगळ्या गोष्टी चालू आहेत.

आवाज खाचांचा असेल तर तो वेगाबरोबर उतरतो. एका बाजूला सहा खाचा आणि ६० सेंमी व्यासाचे चाक असेल, तर ताशी ६० किमीला चाक सेकंदाला जवळपास नऊ फेरे घेते, म्हणजे पॅडवरून सेकंदाला ५३ खाचा जातात. हा खर्जातला घुमणारा आवाज, गाडी थांबत येते तसा खाली खाली जातो. तो खाचांचा स्वभाव आहे, सोसावा लागतो. याउलट वेग कोणताही असो, एकाच पट्टीत कर्कश किंचाळणारा आवाज पॅडच्या कंपनाचा असतो. पॅडच्या पाठीमागची शिम (पातळ पत्रा) आणि क्लिपा बघा. आणि ब्रेक न दाबताच खरखर येत असेल तर डिस्कमागचा पत्रा काम करताना वाकला असेल. तो हाताने मागे दाबला की प्रश्न मिटतो.

थरथर मात्र बसवणीचा दोष आहे. नवी डिस्क सहसा वाकडी होत नाही. हब नीट साफ न करता ती बसवली की किंचित डुलते. ब्रेक सुटा असतानाही तिची उंच बाजू दर फेऱ्याला पॅडला घासून जाते. काही हजार किमीत तेवढा भाग पातळ होतो. जाडीत ०.०१५ मिमीच्या आसपास फरक पडला तरी तो स्टिअरिंगवर जाणवू शकतो. तेव्हा गॅरेजला सांगा: आधी मायक्रोमीटरने डिस्कवर आठ ठिकाणी, खाचा टाळून, जाडी मोजा. मग डिस्क काढून हब साफ करा आणि डायल गेज लावा. मूळ कारण तसेच ठेवून फेस केलेली डिस्क पुन्हा तितक्याच अंतरात थरथरेल.

लेथचे म्हणाल तर खाचांच्या डिस्कवर टूल प्रत्येक खाचेला ठेचकाळते आणि पृष्ठभागावर लहरी उठतात. करायचेच असेल तर ग्राइंडिंग करा, किंवा डिस्क गाडीवरच ठेवून फिरवणारे मशीन जिथे आहे तिथे, अगदी हलका काप घेऊन. काम झाल्यावर उरलेली जाडी कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा निदान अर्धा मिमी जास्त हवी. तेवढी उरत नसेल तर पैसे नव्या डिस्कवर घाला.

प्रश्न: नव्या डिस्क-पॅडचे बेडिंग, म्हणजे ते एकमेकांवर नीट बसवून घेणे, करायला सांगितले आहे. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ते कसे जमायचे? – एक वाचक, बाणेर

ट्रॅफिकमध्ये जमत नाही, प्रयत्नही करू नका. रविवारी पहाटे चाकण किंवा तळेगावच्या एमआयडीसीतला सरळ, मोकळा रस्ता निवडा. मागे गाडी नाही याची प्रत्येक वेळी आरशात खात्री करा. ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, पण थांबू नका. पुन्हा वेग घ्या, अर्धा मिनिट ब्रेकशिवाय चालवा, पुन्हा तेच. असे आठ ते दहा वेळा. मग ८० वरून ३० पर्यंत थोडे जोरात तीन-चार वेळा, एबीएस चालू होऊ न देता. त्यानंतर दहा मिनिटे शक्यतो ब्रेकला पाय न लावता गाडी चालवत ठेवा, म्हणजे डिस्क सगळीकडून सारखी गार होते.

तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहणे टाळा. तिथल्या तिथे पॅडचा ठसा उमटतो आणि तो पुढे थरथर बनून त्रास देतो. बेडिंग करून थेट सिग्नलला ब्रेक धरून थांबलात तर हेच होईल, म्हणून परतीचा रस्ताही आधी ठरवून ठेवा. काम नीट झाले असेल तर डिस्कवर एकसारखी निळसर-करडी झाक येते. पहिले ३०० किमी घाट टाळा.

प्रश्न: मागे ड्रम आहेत. फक्त पुढे खाचांच्या डिस्क लावल्या तर चालेल का? – एक वाचक, सिंहगड रस्ता

चालेल. ब्रेकचा बहुतांश भार पुढेच असतो. पुढच्या डिस्कचा व्यास मूळचाच ठेवा, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडत नाही. मागच्या ड्रमचे शू ॲडजस्ट करून घ्या. पेडल खोल जात असेल तर दोष बहुधा तिकडेच सापडतो.

प्रश्न: पावसाळ्यात खाचा चिखलाने भरतात. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, मुळशी

चिखल आणि पॅडची भुकटी मिसळून वाळली की खाच सिमेंटसारखी बुजते, मग ती असून नसल्यासारखी. दर पाच हजार किमीला चाक उतरवाल तेव्हा बांबूची कामटी किंवा नायलॉनचा ब्रश खाचेतून फिरवा. स्क्रूड्रायव्हर नको, कडेला टवका उडतो. त्याच वेळी पॅडही बघा. खाचांच्या डिस्कवर ते साध्या डिस्कपेक्षा लवकर झिजतात. अस्तर ३ मिमीवर आले की बदला.

रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, तो पहिल्या काही ब्रेकमध्ये पुसला जातो. ताम्हिणी उतरून आल्या आल्या मात्र तापलेल्या चाकांवर थंड पाण्याचा पाइप मारू नका, निदान अर्धा तास थांबा. प्रत्येक खेपेला नख फिरवून खाचांच्या टोकांशी केसासारखी रेघ आहे का ते तपासा. नख अडकेल अशी रेघ असेल, किंवा ती बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचली असेल, तर जाडी कितीही शिल्लक असो, त्या दिवशीच डिस्क बदला.